जुन्या डॉस मशीनवर रॅमडिस्क उभी राहत नसेल तर

डॉसची, म्हणजे विंडोजच्या आधीच्या आज्ञा टाइप करून चालणाऱ्या सिस्टमची, मशिनं संपली असं ज्यांना वाटतं, त्यांनी नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत एक चक्कर मारून यावी. पत्रा कापणारं यंत्र नवं घ्यायचं म्हणजे लाखांचा मामला, आणि जुनं यंत्र ज्या कार्डावर चालतं ते कार्ड आयसा स्लॉटशिवाय, म्हणजे जुन्या बोर्डांवरच्या खाचेशिवाय, कुठे बसत नाही. मग मालक ते जुन्या ४८६ प्रोसेसरचं मशीन जिवापाड जपतो. ट्रकच्या वजनकाट्यावर तेच, कळमन्याच्या एखाद्या अडतीत फॉक्सप्रो ह्या जुन्या डेटाबेसमधल्या हिशेबाचंही तेच. बर्डीवर माझं दुरुस्तीचं टेबल आहे. लॅपटॉप पोरं बघतात, ही म्हातारी मशिनं माझ्याकडे येतात.

हल्ली त्यांच्यासोबत एक ठरावीक तक्रार येते. मूळ हार्ड डिस्क कधीच गेलेली असते, तिच्या जागी अडॅप्टर लावून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवलेलं असतं. कार्डावर सारखं लिहिणं-पुसणं त्याच्या आयुष्याला बरं नाही, म्हणून कोणीतरी सुचवतं की तात्पुरत्या फायली रॅमडिस्कवर टाका, म्हणजे मेमरीचाच एक तुकडा ड्राइव्हसारखा वापरा. सल्ला चांगला आहे. मग कॉन्फिग.सिसमध्ये, म्हणजे डॉस सुरू होताना वाचतो त्या फाइलीत, एक ओळ घातली जाते आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, "ताई, डी ड्राइव्हच नाही दिसून राहिला."

मी इथे एमएस-डॉस ६.२२ धरून लिहिते, कारण जी मशिनं अजून टिकून आहेत त्यांतल्या बहुतेकांवर १९९४ ची हीच आवृत्ती असते. आज्ञा मी देवनागरीत दिल्या आहेत, मशीनवर अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. रॅमडिस्कची खोट रॅमडिस्कच्या ओळीत क्वचितच सापडते. ती वरच्या हायमेमच्या, म्हणजे मेमरी वाटणाऱ्या ड्रायव्हरच्या, ओळीत असते, नाहीतर कॉन्फिग.सिसनंतर चालणाऱ्या ऑटोएक्झेक.बॅटमध्ये, नाहीतर थेट बोर्डावर. लोक मात्र त्या एकाच ओळीतला आकडा दहा वेळा बदलत बसतात.

आधी स्क्रीन वाचा

मशीन सुरू होताना संदेश भराभर वर सरकतात आणि शेवटचा तेवढा दिसतो. शेवटचा संदेश सहसा परिणाम सांगतो, कारण वर निघून गेलेलं असतं. म्हणून "स्टार्टिंग एमएस-डॉस" ही अक्षरं दिसताच एफ८ दाबा. डॉस मग कॉन्फिग.सिसची एकेक ओळ दाखवून हो की नाही विचारतो. प्रत्येक ओळीला वाय म्हणत जा आणि तिच्याखाली काय उमटतं ते कागदावर लिहून घ्या. फोनवर मला कोणी "काहीतरी एरर आला" म्हणालं, की मी आधी हेच करायला लावते. मशीन पार अडकूनच पडत असेल तर एफ५ दाबा. दोन्ही फायली वगळून साधं डॉस सुरू होतं आणि दुरुस्ती करता येते.

सगळं ठीक असेल तर हायमेम आधी मेमरी तपासत असल्याचं सांगतो आणि पुढे "डन" लिहितो. नंतर रॅमडिस्क बनवणारा ड्रायव्हर, रॅमड्राइव्ह, आपलं नाव, मिळालेलं ड्राइव्हचं अक्षर, डिस्कचा आकार, सेक्टरचा आकार आणि डिरेक्टरी एंट्रीजची संख्या दाखवतो. ह्या शेवटच्या आकड्याकडे कोणी पाहत नाही. तो लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

"बॅड ऑर मिसिंग" आला तर बिघाड काही नाही, फाइल त्या जागी नाही एवढंच. इथे एक जुनी गंमत वारंवार सापडते. हायमेम आणि रॅमड्राइव्ह ह्या फायली डॉससोबत आल्या तशा विंडोज ३.१ सोबतही आल्या होत्या. विंडोज बसवताना कॉन्फिग.सिसमधला पत्ता सी:\विंडोज असा झाला. पुढे जागा कमी पडली म्हणून कोणीतरी विंडोजचा फोल्डर उडवला, आणि पत्ता तसाच राहिला. हायमेम सापडत नाही, म्हणून त्याच्यावर उभं असलेलं सगळंच कोसळतं. डॉसच्या फोल्डरमध्ये डीआयआर देऊन बघा. ६.२२ च्या मूळ फायलींची वेळही ६:२२ च असते, तारीख ३१ मे १९९४. रॅमड्राइव्हपुढे दुसरीच तारीख-वेळ दिसली, तर ती फाइल कुठल्यातरी वेगळ्या आवृत्तीतून आणून टाकलेली आहे.

"अनरेकग्नाइज्ड कमांड" आला आणि ओळ तर डोळ्यांना बरोबर दिसते, असं असेल तर ती फाइल कशात लिहिली ते विचारा. वर्डस्टार ह्या जुन्या लेखनाच्या प्रोग्रामच्या डॉक्युमेंट मोडमध्ये लिहिली असेल तर शब्दांच्या शेवटच्या अक्षरात तो स्वतःची खूण मिसळतो आणि डॉसला तो शब्द ओळखू येत नाही. टायपिंग इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेल्या जुन्या कारकुनांची बोटं अजूनही वर्डस्टारकडेच जातात. नॉन-डॉक्युमेंट मोड घ्या, नाहीतर सरळ एडिट वापरा. एडिट उघडत नसेल तर क्यूबेसिक.ईएक्सई कोणी पुसली का ते बघा. ६.२२ चा एडिट तिच्याच जिवावर चालतो.

ओळ कशी असावी

आठ एमबी मेमरीच्या मशीनला मी साधारण हे लिहून देते:

डिव्हाइस=सी:\डॉस\हायमेम.सिस
डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई नोईएमएस
डॉस=हाय,यूएमबी
डिव्हाइसहाय=सी:\डॉस\रॅमड्राइव्ह.सिस २०४८ ५१२ २५६ /ई
लास्टड्राइव्ह=एच

क्रम हाच ठेवायचा. एक एमबीच्या पलीकडची मेमरी वाटून देण्याचं काम हायमेमचं. तो यायच्या आधी रॅमड्राइव्हने मागणी केली तर देणारा कोणी जागेवरच नसतो, आणि मेमरी मॅनेजर हजर नाही अशा अर्थाचा संदेश येतो. मशीन नीट, मेमरी नीट, फक्त दोन ओळी खालीवर झालेल्या.

आता ते तीन आकडे. पहिला डिस्कचा आकार केबीत, ४ पासून ३२७६७ पर्यंत. भरपूर मेमरीवाला एखादा हौशी माणूस ३२ एमबीच्या हिशेबाने ३२७६८ लिहितो आणि "इनव्हॅलिड पॅरामीटर" खातो. एकने चुकतं. दुसरा आकडा सेक्टरचा, तिथे १२८, २५६ किंवा ५१२ एवढंच चालतं. तिसरा मुख्य डिरेक्टरीत किती नोंदी मावतील त्याचा, २ ते १०२४. काहीच लिहिलं नाही तर डिस्क ६४ केबीची, सेक्टर ५१२ चा आणि नोंदी ६४.

फसवणूक तिसऱ्या आकड्यात आहे. नोंदी वाढवायच्या म्हणून लोक लिहितात "२०४८ २५६ /ई". मधला ५१२ गाळला. डॉस तक्रार करत नाही, कारण २५६ हा सेक्टरचा आकार म्हणून वैध आहे. रॅमडिस्क बिनबोभाट उभी राहते, सेक्टर २५६ चा होतो, नोंदी ६४ च्या ६४ राहतात, आणि लिहिणाऱ्याला वाटतं आपलं काम झालं. नोंदींचा आकडा द्यायचा तर आधीचे दोन्ही द्यावेच लागतात.

शेवटची तिरपी रेघ आणि ई विसरलं तर डिस्क पहिल्या ६४० केबीतून कापली जाते. १०२४ मागितले असतील तर "इनसफिशियंट मेमरी" येऊन विषय तिथेच संपतो, ते बरं. २५६ मागितले असतील तर वाईट, कारण डिस्क मिळते. मिळते आणि मुख्य प्रोग्रामला जागा उरत नाही. काट्यावरचा माणूस सांगतो, "ताई, काल चालून राहिलं होतं, आज काऊन नाही चालत? बटनं तर काही दाबली नाही बा आम्ही." स्क्रीनवर "प्रोग्राम टू बिग टू फिट इन मेमरी". तो प्रोग्रामला दोष देतो, आणि रॅमडिस्क डी: म्हणून शांत बसलेली असते.

ई च्या जागी /ए लिहिलं की एक्स्पांडेड, म्हणजे जुन्या वेगळ्या पद्धतीने मिळणारी, मेमरी मागितली जाते. वर मी ईएमएम३८६ ला नोईएमएस लिहिलं आहे, म्हणजे तसली मेमरी देऊच नको असं सांगितलं आहे. दोन्ही एका फाइलीत असतील तर रॅमडिस्क होणार नाही. ३८६ च्या पुढच्या मशीनवर /ए ची गरज मला तरी दिसत नाही, /ई च ठेवा.

आणखी एक जुनं भूत. आयबीएमच्या पीसी डॉससोबत व्हीडिस्क नावाचा ड्रायव्हर यायचा. एखाद्या मशीनवर त्याची ओळ अजून जिवंत असते आणि ती हायमेमच्या वर असते. तो मेमरी स्वतःच्या पद्धतीने अडवतो, आणि मागून आलेला हायमेम "व्हीडिस्क मेमरी ॲलोकेटर ऑलरेडी इन्स्टॉल्ड" म्हणून बसायला नकार देतो. व्हीडिस्कची ओळ काढून टाका, दोघं एकत्र नांदत नाहीत.

मेमरी आहे किती?

चार एमबीच्या मशीनवर तीन एमबीची रॅमडिस्क मागणारे भेटतात. हिशेब करून बघा. ४०९६ केबीतले पहिले १०२४ गेले, त्यात ६४० नेहमीच्या वापराचे आणि ३८४ राखीव. उरले ३०७२. त्यातले ६४ डॉस=हाय मुळे डॉसने स्वतःकडे घेतले, थोडे ईएमएम३८६ ने. शिवाय फॉक्सप्रोची एक्स्टेंडेड आवृत्ती असेल तर तिलाही ह्याच मेमरीतून वाटा हवा. स्मार्टड्राइव्ह, म्हणजे डिस्कवरचं मेमरीत साठवून वेग वाढवणारा प्रोग्राम, असेल तर तोही चार एमबीच्या मशीनवर आपल्या मर्जीने एक एमबी घेतो. ताटात दोन पोळ्या आणि पंगत पाचाची. "मेम /सी /पी" दिलं की कोणी किती खाल्लं ते दिसतं.

मेमरी कमी पडली की रॅमड्राइव्ह प्रत्येक वेळी हात वर करत नाही. सांगितल्याप्रमाणे डिस्क बनत नसेल तर तो मुख्य डिरेक्टरीत फक्त १६ नोंदी ठेवून डिस्क बनवून बघतो. सोळाच का, तर एक नोंद ३२ बाइटची आणि सेक्टर ५१२ चा, म्हणजे एका सेक्टरमध्ये सोळा मावतात. बनलेली डिस्क दिसायला व्यवस्थित. डीआयआर चालतं, कॉपी चालतं. दुपारी कधीतरी सोळावी फाइल बनवायची वेळ येते आणि प्रोग्राम फाइल तयार होत नाही म्हणून ओरडतो. डिस्कवर जागा दीड एमबी शिल्लक आणि फाइल बनत नाही, हे चित्र ज्याने आधी पाहिलेलं नाही तो माणूस चक्रावतो. म्हणून म्हटलं, सुरुवातीचा एंट्रीजचा आकडा लिहून ठेवा. तिथे १६ दिसला की आकार कमी करायचा.

सोळांतलीही एक नोंद रॅमड्राइव्ह स्वतःच वापरतो, एमएस-रॅमड्राइव्ह ह्या लेबलसाठी, म्हणजे डिस्कच्या नावासाठी. फायलींना उरतात पंधराच.

माझं मत विचाराल तर दोन एमबीच्या मशीनवर रॅमडिस्कचा नाद करू नका. चार एमबीवर एक एमबी पुरे, आठवर दोन. आणि विंडोज ३.१ ची स्वॅप फाइल रॅमडिस्कवर ठेवणारे आजही भेटतात, त्यांना मी हात जोडते. विंडोजची मेमरी काढून घ्यायची आणि तीच मेमरी म्हणून परत द्यायची, वर त्यासाठी प्रोसेसरला राबवायचं.

मेमरी हजर आहे, पण धड आहे का?

कधी कधी मशीन सुरू होताना आठ एमबी मोजतं आणि महिन्याभराने चारच. हायमेम जेवढी दिसते तेवढीच वाटणार. आधी बोर्डाचा सेटअप (बायोसचा) उघडा. ४८६ च्या जुन्या बोर्डांवर पिंपासारखी ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती मेली की सेटिंग्ज पुसली जातात, "सीमॉस चेकसम" किंवा "मेमरी साइझ मिसमॅच" असं काहीतरी येतं आणि मशीन सेटअपमध्ये जायला सांगतं. बहुतेक वेळा नुसतं उघडून सेव्ह केलं की मेमरी परत मोजली जाते. पण ह्या बॅटऱ्या नुसत्या मरत नाहीत, गळतात. कॅबिनेट उघडल्यावर बॅटरीभोवती हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर बॅटरी त्याच दिवशी कापून काढा. गळलेला पदार्थ अल्कली असतो, म्हणून कापसाच्या बोळ्याने थोडं व्हिनेगर लावून तो मारायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं करायचं. तिच्या जागी बटन सेल थेट डकवू नका. बोर्ड जुन्या बॅटरीला चार्ज करत असतो, आणि तो प्रवाह बटन सेलला घातक. मध्ये डायोड हवाच, नाहीतर बोर्डावर बाहेरच्या बॅटरीसाठी पिना असतील तर त्या वापरा.

मग मेमरीच्या पट्ट्या. ३० पिनांच्या पट्ट्या ४८६ वर चारच्या गटाने बसतात, कारण प्रत्येक पट्टी आठ बिटांची आणि प्रोसेसरला एकदम बत्तीस हवेत. चारांतली एक हलली की पूर्ण गट बाद. नागपुरात ह्याला उन्हाळा आणि कूलर दोघं जबाबदार. कूलरची ओलसर हवा थेट कॅबिनेटवर येते, धूळ चिकटते, संपर्क काळे पडतात. पट्टी काढा, संपर्कांवरून पेन्सिलीचं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका, अल्कोहोलने पुसा, परत बसवा. बसवताना पट्टी तिरपी घालून उभी करायची असते. जोर लावला तर स्लॉटचे प्लॅस्टिकचे कान तुटतात, आणि ते कान आता मिळत नाहीत.

हायमेमचा "अनरिलायबल मेमरी" असा संदेश आला तर पट्टी खराब आहे किंवा नीट बसलेली नाही. तो संदेश नको म्हणून काही जण ओळीत "/टेस्टमेम:ऑफ" घालतात. दोन सेकंद वाचतात, आणि रॅमडिस्कवरच्या फायली सडतात.

ही चाचणी वरवरची असते हेही खरं. सकाळी मशीन बरोबर, आणि दुपारी तीनला, बाहेर पंचेचाळीस अंश आणि टपरीत त्याहून जास्त असताना, पावतीवर भलतेच आकडे, असं असेल तर हे करून बघा. एखादी मोठी फाइल, फॉक्सप्रोची ईएक्सईच घ्या, डीवर कॉपी करा आणि मूळ फाइलीशी ताडा:

एफसी /बी सी:\फॉक्स\फॉक्सप्रो.ईएक्सई डी:\फॉक्सप्रो.ईएक्सई

"नो डिफरन्सेस एनकाउंटर्ड" आलं पाहिजे. सकाळी एकदा करा आणि मशीन तापल्यावर दुपारी परत करा. दुपारच्या फेरीत बाइटांची यादी उमटली तर कॉन्फिग.सिसला हात लावू नका, पट्ट्या बदला.

"अनेबल टू कंट्रोल ए२० लाइन" हा हायमेमचा संदेश वेगळा. ए२० म्हणजे एक एमबीच्या पलीकडची मेमरी उघडणारी बोर्डावरची लाइन. त्याला बोर्डाचा प्रकार ओळखता आलेला नाही. ओळीच्या शेवटी "/मशीन:१" लावून बघा, नाही जमलं तर सेटअपमध्ये ए२० चा पर्याय असेल तो बदलून बघा.

डिस्क उभी राहिली, आता पुढचं

खरी कटकट बहुतेकदा इथून सुरू होते. ऑटोएक्झेकमध्ये कोणीतरी "सेट टेम्प=डी:\" लिहून मोकळं झालेलं असतं. सगळ्या तात्पुरत्या फायली मुख्य डिरेक्टरीत पडतात आणि नोंदींची मर्यादा लगेच भरते. आत एक फोल्डर केला की ही अडचण राहत नाही, कारण मर्यादा फक्त मुख्य डिरेक्टरीला आहे, आतल्या फोल्डरला नाही. रॅमडिस्क प्रत्येक वेळी कोरी उठते, त्यामुळे तो फोल्डरही प्रत्येक वेळी बनवावा लागतो, आणि टेम्पची ओळ त्याच्या नंतर यायला हवी.

डी म्हणजे रॅमडिस्कच, हेही गृहीत धरू नका. डॉस आधी सगळ्या हार्ड डिस्कना अक्षरं वाटतो आणि उरलेलं अक्षर रॅमड्राइव्हला देतो. बॅकअपसाठी दुसरं कार्ड जोडलं की ते डी होतं आणि रॅमडिस्क ई वर सरकते. ऑटोएक्झेक मात्र डी वरच लिहीत राहतो. एरर काहीच येत नाही. ज्या कार्डाला जपायला हा खटाटोप केला, त्याच जातीच्या कार्डावर दिवसभर कचरा साठत असतो. म्हणून मी लेबल तपासून घेते:

सेट टेम्प=सी:\टेम्प
सेट टीएमपी=सी:\टेम्प
व्हॉल डी: | फाइंड "रॅमड्राइव्ह" > नल
इफ एररलेव्हल १ गोटो पुढे
एमडी डी:\टेम्प
सेट टेम्प=डी:\टेम्प
सेट टीएमपी=डी:\टेम्प
:पुढे

फाइंडमधला शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहा, लेबल तसंच असतं. ह्या ओळी पाथच्या ओळीनंतर ठेवा, नाहीतर फाइंड सापडणार नाही. सी वर टेम्प नावाचा फोल्डर आधी बनवून ठेवा. रॅमडिस्क कुठल्याही कारणाने झाली नाही तरी काम अडत नाही, कार्डावर चालू राहतं.

सीडी ड्राइव्ह असेल तर त्याचंही अक्षर सरकतं, कारण सीडीला अक्षर देणारा एमएससीडीईएक्स ऑटोएक्झेकमध्ये, म्हणजे सगळ्यात शेवटी येतो. त्याच्या ओळीत "/एल:एच" घालून सीडीला कायमचं लांबचं अक्षर देऊन टाका. वर लास्टड्राइव्ह=एच त्याचसाठी लिहिलं आहे. विंडोज ९८ च्या स्टार्टअप फ्लॉपीवर गोंधळणारेही ह्याच कारणाने गोंधळतात. ती फ्लॉपी न विचारता दोन एमबीची रॅमडिस्क बनवते, आपली अवजारं तिच्यात उलगडते, आणि सीडी कालच्या डी वरून आज ई वर गेलेली असते. बिघाड नाही, ई वर जाऊन बघा.

फॉक्सप्रोवाल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. टेम्प बदललं तरी फॉक्सप्रोला स्वतंत्र सांगितलेलं बरं, कॉन्फिग.एफपी मध्ये "टीएमपीफाइल्स=डी:" अशी ओळ घालून. पण सॉर्ट करताना त्याला टेबलाच्या तिप्पट जागा लागू शकते. रोजच्या पावत्यांना एक एमबी भरपूर होतो आणि वर्षभर कोणाची तक्रार नसते. मार्च अखेरीला अख्ख्या वर्षाची खातेवही लावायला घेतली की डिस्क भरल्याचा संदेश येतो, आणि तोही नेमका सीए समोर बसलेला असताना. अशा कामाच्या दिवशी मशीन रॅमडिस्कशिवाय चालू करायचं. त्यासाठी कॉन्फिग.सिसमध्येच दोन पर्यायांचा मेनू करता येतो:

[मेनू]
मेनूआयटम=रोज
मेनूआयटम=मार्च
मेनूडिफॉल्ट=रोज,५

त्याच्याखाली [कॉमन] मध्ये हायमेम, ईएमएम३८६ आणि बाकीच्या ओळी, मग [रोज] मध्ये फक्त रॅमड्राइव्हची ओळ, आणि [मार्च] रिकामं. पाच सेकंदांत कोणी काही दाबलं नाही तर रोजचं सुरू होतं. वरची लेबल तपासणारी युक्ती असल्यामुळे ऑटोएक्झेकला हात लावावा लागत नाही. कॉन्फिग.एफपी मधली ओळ मात्र मार्चला डीच शोधत राहील. त्या दिवसापुरती ती सी:\टेम्पकडे वळवा.

हे वेगळं सांगायला नको, पण सांगते, कारण मे महिन्यात मला हाच फोन सगळ्यात जास्त येतो. वीज गेली, किंवा नुसतं कंट्रोल-आल्ट-डिलीट केलं, की रॅमडिस्कवरचं सगळं गेलं. तिथून काढून द्यायला माझ्याकडेही काही नसतं. तिथे फक्त तात्पुरत्या फायली ठेवायच्या. खाती, पावत्या, कटिंगचे प्रोग्राम सी वरच. कटिंगवाल्यांना वेग हवा म्हणून काम डी वर कॉपी करून चालवायचं असेल तर चालवा, पण तिथे बदललेली फाइल जेवायला उठायच्या आधी सी वर परत टाकायची, आणि मशीनला यूपीएस हवा.

सगळं जुळल्यावर "टाइप सी:\कॉन्फिग.सिस > पीआरएन" देऊन डॉट मॅट्रिक्सवर एक प्रत काढा, ऑटोएक्झेकचीही काढा, आणि दोन्ही कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कॅबिनेटला आतून चिकटवा, पंख्यापासून लांब. कोणाचा तरी हुशार भाचा फाइलीत हात घालून गेला की मला फोन करण्याआधी ओळ न ओळ ताडून बघायला ते पुरतात.